सैतानाने उष्टावलेल्या ब्लॅकबेऱ्या

तीस वर्षं मी भूमी अभिलेख कार्यालयात नकलांच्या टेबलावर काढली. इंग्रजांच्या काळातले मोजणीचे कागद, त्यांचं ते लफ्फेदार अक्षर, वाळवीने खाल्लेले कोपरे. ते वाचायचं, जसंच्या तसं उतरवायचं, मूळ कागदाशी ताडून बघायचं आणि खाली ‘खरी नक्कल’ लिहून सही ठोकायची. एक आकडा चुकला तर कुणाचा तरी बांध सरकतो, असा आमच्या साहेबांचा धाक. निवृत्त होऊन अमेरिकेत फ्रीमाँटला मुलाकडे आले आणि ही सगळी विद्या पाण्यात गेली. इथे माझं काम काय, तर डिशवॉशर लावायचा आणि सुनेला ‘जपून ड्राइव्ह कर गं’ म्हणायचं.

शेजारच्या टाउनहाऊसमध्ये चौऱ्याऐंशी वर्षांची एक गोरी बाई एकटी राहते. नजर फार अधू. जूनमध्ये एकदा तिने माझ्या नातीला बोलावून एक वही दिली आणि जरा वाचून दाखव म्हणाली. वही तिच्या खापरपणजीची, इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातली, दीडशे वर्षांपूर्वीची. नातीने पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि ती घेऊन माझ्याकडे आली. “आज्जी, धिस इज नॉट इव्हन इंग्लिश!” बघते तर काय, माझ्या टेबलावरचंच अक्षर! इथल्या पोरांना असं सलग वळणाचं लिहायला शिकवतच नाहीत म्हणे. म्हटलं, आण इकडे, हे मी झोपेतही वाचीन.

मग रोज दुपारी मी तिच्याकडे जायला लागले. तिच्या मागच्या दारी ओढा आहे आणि ओढ्याकाठी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी माजलेली. इथे तिला हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. “म्हणजे तुमच्याकडचीच,” शेजारीण म्हणाली. म्हटलं, बाई, मी सांगलीची, हिमालय मीसुद्धा कॅलेंडरवरच पाहिलाय.

वहीत तर पानोपानी ब्लॅकबेरी. पोरं ‘ब्लॅकबेरीइंग’ला गेली, असं लिहिलेलं. आधी मला हसू आलं, फळाचं काय क्रियापद करतात! मग आठवलं, आम्हीही सुट्टीत ‘करवंदांना’ जायचो की. एखादी गोष्ट उदंड असली की आपण पैशाला पासरी म्हणतो, ही बाई म्हणते ब्लॅकबेरीइतकी. कुणाच्या पोराला डांग्या खोकला झाला, तर फांदी वाकून जमिनीत रुजून जी कमान होते तिच्याखालून त्याला काढायचं. आणि एके ठिकाणी लिहिलं होतं, सप्टेंबरअखेर मिकेलमसचा सण झाला की ब्लॅकबेरीला हात लावू नये, सैतान त्यांच्यावर थुंकून जातो.

“अगंबाई, उष्टावतो!” मी म्हणाले. तिला उष्टं म्हणजे काय ते सांगताना माझी पुरेवाट झाली. इंग्रजीत इतके शब्द, पण उष्ट्याला शब्द नाही! मी आपली हसतेय आणि समोर तिचा चेहरा पांढराफटक.

त्या दुपारी तिने मला सांगितलं. ती सहा वर्षांची होती, भाऊ तीन. आईने याच वहीच्या हवाल्याने बजावलं होतं, सण झाला की जाळीकडे फिरकायचं नाही. ही ऑक्टोबरात गेली आणि ओंजळभर फळं भावाला भरवली. चार दिवसांनी त्याला ताप चढला आणि त्या तापात तो गेला. आई एवढंच म्हणाली, “तूच भरवलीस ना?” पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तेव्हापासून या बाईने ब्लॅकबेरी तोंडात घातलेली नाही.

“कसला डोंबलाचा सैतान!” माझा पारा असा चढला की मी मराठीतच ओरडले. मेलेल्या बाईला नावं ठेवू नयेत, पण सहा वर्षांच्या लेकराला असं कुणी बोलतं? इंग्रजीत म्हटलं, अहो, फळाने कुठे असा ताप येतो? ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टर तेच म्हणाले, माझा नवराही तेच म्हणायचा. त्यांना काय ठाऊक? ज्यांनी हे सांगून ठेवलं, त्या आमच्या माणसांकडून मला ऐकायचंय. पुढे वाच. तिच्या पोरांनी कधी खाल्ली का, खाल्ली तर काय झालं, ते बघ.”

वाचता वाचता ते पान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाती आलं. तीन ओळींचं. मोठ्याने वाचण्याआधी ओळीवरून एकदा नजर फिरवायची, ही माझी जुनी सवय. तिनेच मला वाचवलं. लिहिलं होतं: मिकेलमस होऊन गेला. नको सांगूनही धाकटीने ब्लॅकबेऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी ताप, रविवारी आम्ही तिला पुरलं.

ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, निकाल ऐकायला बसल्यासारखी.

मी वाचलं, “मिकेलमस होऊन गेला. नको सांगूनही धाकटीने ब्लॅकबेऱ्या खाल्ल्या. तिला काहीही झालं नाही.”

“पुन्हा वाच.”

पुन्हा तेच वाचलं, शब्दाचा फरक न करता. ती म्हणाली, “मोठ्या अक्षरांत लिहून दे. मला भिंगातून दिसतं.” आता आली का पंचाईत! तोंडचं खोटं हवेत विरून जातं, कागदावरचं राहतं, हे मला कुणी शिकवायला नको. काळं मार्कर घेतलं आणि बोटभर उंचीच्या अक्षरांत तिन्ही वाक्यं लिहिली. खाली सवयीने ‘खरी नक्कल’ लिहून सही केली. एवढ्या नोकरीत कुणाच्या बापाच्या दडपणाखाली जे केलं नाही, ते फ्रीमाँटमध्ये चहाच्या टेबलावर केलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. भीती मात्र वाटते, वही आणखी कुणाच्या हाती पडली तर, याची.

तिने भिंग लावून एकेक अक्षर वाचलं. मग म्हणाली, “मला ओढ्यापर्यंत ने.”

जाळीवर आता चार-दोनच फळं उरली होती, तीही सुरकुतलेली. त्यातलं बरं बघून मी एक तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते बराच वेळ बोटांनी चाचपलं आणि तोंडात टाकलं. डोळे गच्च मिटून घेतले. मी तिचा दंड धरून उभी.

“आंबट आहे,” ती म्हणाली. “तोही आंबट म्हणाला होता. आणि मग त्याने आणखी मागितलं होतं.”