रोलर थंड होईपर्यंत

"आधी थंड होऊ दे."

दुकानात पाऊल टाकलं की काकांचं पहिलं वाक्य हेच. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं, लग्न तोंडावर आलेलं, पत्रिकेवर वधूच्या नावावरूनच काळी रेघ जातेय, माझा जीव टांगणीला. आणि हा गृहस्थ लेझर प्रिंटरचं बटण बंद करणार, झाकण उघडणार आणि स्टुलावर निवांत मांडी घालून बसणार.

"काका, अहो लोक थांबलेत!"

"थांबू देत. आतला रोलर तापलाय, बाय. हात भाजून घेऊ काय?" आणि वर, "चहा सांग."

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. तुम्हीही अशी दुकानं पाहिली असतील. एक कॉम्प्युटर, एकदोन प्रिंटर, भिंतीवर पत्रिकांचे नमुने आणि मालकिणीच्या कपाळावर आठ्या. शेजारी मसाला कुटायचा डंक होता. दुपारी मिरची कुटायला लागले की आम्ही सगळे शिंकायचो. काका मात्र शिंकायचे नाहीत. "जन्मभर कापूस खाल्लाय ह्या नाकाने," म्हणायचे.

ते गिरणीत होते, स्पिनिंग खात्यात. संप झाला, मिटला म्हणे, पण त्यांच्या गिरणीचं गेट काही पुन्हा उघडलं नाही. मग त्यांनी भाजी विकून पाहिली, वॉचमनकी केली, आणि शेवटी टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली राहून हे प्रिंटरचं काम उचललं. माझ्याकडे यायला लागले तेव्हा केस पिकले होते. बोलायचे मात्र ओरडून. साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या यंत्रांच्या, खडखडाटात आयुष्य गेलेलं. समोरचा माणूस हातभर अंतरावर आहे हे त्यांच्या गळ्याला कधी पटलंच नाही.

पहिल्याच खेपेला त्यांनी माझी वाट लावली होती. रोलर पुसायला पिशवीतून काढला काय, तर कापसाच्या सुताचा गुंता! गिरणीत यंत्र पुसायला तोच वापरायचे ना. पुसला छान दाबून, अगदी मायेने. आणि नंतर जो कागद बाहेर आला त्यावर "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून "आहेर आणू नये" पर्यंत बारीक बारीक केस. जणू पत्रिकेला मिशा फुटल्या. मी डोक्याला हात लावला. काका कागद उजेडात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "बघ, इथेपण कापूस माझी पाठ सोडत नाही." मला इतका राग आलेला आणि तरी मी हसत सुटले. तेव्हापासून ते चष्म्याच्या दुकानातून मऊ, बिनतुसाचं फडकं मागून आणायचे.

रोलर थंड होईपर्यंत काका उघड्या प्रिंटरकडे बघत बसायचे आणि बघता बघता त्यांची गिरणी सुरू व्हायची. "उन्हाची तिरीप आली ना बाय, की सगळं खातं पांढरं दिसायचं. कापूस तरंगायचा. माणसं चालतायत की पोहतायत कळायचं नाही. आवाजात ऐकू येतंय कुणाला? नुसते ओठ बघून बोलायचं. हसणं तर दुरूनच कळायचं." मसाल्याचा ठोका चालू असायचा, पंखा गरगरत असायचा, आणि मला खरंच वाटायचं की दुकानात काहीतरी पांढरं, हलकं तरंगतंय. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहायची. कामं पडलेली असताना! काय जादू होती त्या माणसात कोण जाणे.

मग हात लावून बघायचे आणि उठायचे. कागद ओढणारा रबरी रोलर अलगद काढून घ्यायचे, ओलसर फडक्याने फिरवत फिरवत पुसायचे, न्हाऊन आलेल्या पोराचे कान पुसावेत तसा. तापणाऱ्या रोलरला चिकटलेली शाई हळूच सोडवायचे. काळ्या स्पंजच्या रोलरला बोटसुद्धा लावायचे नाहीत, हाताचं तेल लागलं की छपाई बिघडते म्हणून. घाई केली की म्हणायचे, "तुझं मशीन आहे, पण आत्ता माझ्या ताब्यात आहे."

एकदा मी सहज विचारलं, "गावाला घरी काय सांगता हो? प्रिंटर म्हणजे काय ते कळतं त्यांना?"

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मी वळून बघितलं, तेव्हा कुठे सांगायला लागले.

त्यांचे वडीलही त्याच गिरणीत होते. म्हातारपणी मालवणकडे गावी जाताना जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हातापाया पडून त्यांनी मुलाला आपल्या जागेवर चिकटवलं होतं. आणि या मुलाने बापाला अजून सांगितलंच नव्हतं की गिरणी बंद आहे. गणपतीत गावी गेले की म्हातारा विचारायचा, "साचो कसो चलता?" हे म्हणायचे, "बरो चलता. रोज रोलर पुसतंय. माल बरो निघता."

"ह्यात खोटं काय आहे?" काकांनी मला विचारलं.

"कमाल करता! अख्ख्या कोकणाला माहीत आहे गिरण्यांचं काय झालं ते."

"माहीत आहे. पण त्याच्या तोंडावर सांगायला कोणी धजत नाही."

"आणि तुम्ही?"

"त्याची जागा होती ती, बाय. मी घालवली. कुठल्या तोंडाने सांगू?"

तुम्ही कुठे घालवलीत, असं मी म्हणाले. पण त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकून घेतलं नाही.

पुढे म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनसाठी त्याला परळला आणायचं ठरलं. काका घाबरेघुबरे माझ्याकडे आले. "बापूस साचा बघायला मागतोय. मी सांगितलं, आत सोडत नाहीत, पण खात्याचं ऑफिस दाखवतो. इथे आणू? त्याला नीट दिसत नाही. तू फक्त सगळी मशिनं चालू ठेव. तो जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे ना, तो लाव. तो जरा आवाज करतो."

मी हसले नाही. कशी हसणार?

दुपारी दोघे आले. पांढरी टोपी, काटक अंग, हात मुलाच्या खांद्यावर. मी पंखा फुल केला, प्रिंटरला कोरे कागद लावले आणि डॉट मॅट्रिक्स चालू करून दिला. काय तो कर्कश कर्रर्र! म्हातारा खुर्चीत बसून मान कलती करून ऐकत होता. काका वरच्या पट्टीत सांगत होते, "बाबा, ह्या खात्याचा ऑफिस. साचे पलीकडे आसत."

थोड्या वेळाने म्हातारा माझ्या दिशेने वळून म्हणाला, "बंद कर गो बाय. कागद फुकट जातत."

मी बंद केलं. एकदम शांत झालं. शेजारचा मसाल्याचा ठोका तेवढा ऐकू येत होता.

"गिरण बंद पडली तां माका तेव्हाच कळला," म्हातारा म्हणाला. "मुंबयसून गावात काय एकटो तूच येतंस? तू सांगशीत म्हणान वाट बघीत रवलंय."

काका जमिनीवर वडिलांच्या पायांशी बसले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला. "बाबा, तुमची जागा मी घालवली."

म्हाताऱ्याने चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "जागा गेली तर जावंदे रे. तू आसस मां?"

काका ढसाढसा रडले. मी तोंड फिरवून पत्रिकांचे नमुने सारखे करत बसले, जे मुळात सारखेच होते. मग म्हातारा म्हणाला, "आता खऱ्यान सांग. काम काय करतंस?" आणि काकांनी नाक पुसत प्रिंटर उघडला, रबरी रोलर काढून बापाच्या तळहातावर ठेवला, आणि कागद कसा ओढला जातो, शाई कशी बसते, सगळं सांगायला लागले. म्हातारा रोलर दोन बोटांत फिरवत एकेक प्रश्न विचारत होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी उद्या ये म्हणून पिटाळलं.

ऑपरेशन झाल्यावर काका वडिलांना घेऊन गावी गेले ते तिकडेच राहिले. म्हाताऱ्याजवळ राहतोय, दुसरा माणूस बघ, असा निरोप आला. मला आधी राग आला, मग रडू आलं. दुसरा माणूस मिळाला, चांगला मिळाला, पण तो बोलत नाही.

कधी दुपारी काम थांबलं की मला ते दोघे दिसतात. गावच्या घराचं खळं, माडाची सावली, काका मोठमोठ्याने काहीतरी सांगतायत आणि म्हातारा हसतोय. काय सांगतायत ते मला ऐकू येत नाही. पण आता बापाशी बोलताना त्यांना शब्द निवडावे लागत नसतील.