फळ्यावरचा फेक्या

गेल्या रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता, दूधवाला जिन्यात उभा असताना, आपल्या सोसायटीच्या चेअरमननी फरशी पुसायच्या ओल्या फडक्यानं सूचनाफलक पुसला आणि तळमजल्यावरच्या काकांच्या हातातला खडू काढून घेतला. ज्यांच्यावर हा अन्याय झाला ते काका हे अख्ख्या सदाशिव पेठेतले सर्वांत तुच्छतेनं बोलणारे गृहस्थ आहेत, आणि या पेठेत ती स्पर्धा सोपी नाही. तरीही अन्याय तो अन्यायच.

काका निवृत्त भूमिती शिक्षक. त्यांची मुलगी अमेरिकेत असते आणि तिच्या गावाचा अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ आहे. चेंडू लांबट, तो हातानं फेकायचा, आणि अकरा दांडगटांनी समोरच्या अकरांना आडवं करायचं, असा तो खेळ. तिथला रविवारचा सामना काका इथे सोमवारी सकाळी चहाबरोबर बघतात. संघ त्यांचा, पण त्याच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत. "आपल्यांत काय बघायचं? ते आपलेच." आठवडाभर ते समोरच्या संघाचे जुने सामने बघतात, आलेखाच्या वहीत कोण कुठे उभा राहतो याच्या आकृत्या काढतात, कोनमापक लावून कोन मोजतात, आणि रविवारी सकाळी त्या संघाची लायकी फलकावर, पाणी येण्याच्या वेळांच्या खाली, सुवाच्य अक्षरात लिहितात. शेवटी सही. बिननावी टीका ते करत नाहीत.

चांगलं त्यांनी आजवर कोणाबद्दल लिहिलेलं नाही. मी एकदा विचारलं, "काका, ज्यांना तुम्ही भुक्कड म्हणालात, त्यांनी आपल्याला सपाटून मारलं की हो!" म्हणाले, "भुक्कडच आहेत. भुक्कडांकडून हरलो, म्हणून तर राग." दुसऱ्या एका संघाबद्दल फक्त एक ओळ होती: 'यांच्यावर खडू झिजवणे योग्य वाटत नाही.' माणूस पडल्यावर कसा उठतो यावर त्यांचा सगळा भरवसा. "पडतात सगळेच. उठण्याआधी पंचाकडे बघतो ना, तो संपला." हाच नियम ते मंडईत, लग्नात, बँकेच्या रांगेतही लावतात. मी चळवळीत पत्रकं लिहिते, म्हणून मला ते 'पुढारी' म्हणतात. "काय पुढारी, आज कुणाचा निषेध?" आमच्या विरोधकांची एक कोपरा सभा त्यांनी माझ्या आग्रहाखातर ऐकली आणि परत येताना एवढंच म्हणाले, "वक्ता पाणी पिताना गर्दीकडे बघत होता. घाबरलाय. पण तुमचं पत्रक वाचून नाही. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत."

आता गेल्या रविवारचं. या खेळात चेंडू फेकणारा जो मुख्य गडी असतो त्याला काका 'फेक्या' म्हणतात. इंग्रजी शब्द वापरायचा त्यांना कमीपणा वाटतो. फलकावर होतं: 'समोरच्या पक्षाचा फेक्या घाबरट आहे. जरा दबाव आला की मागे सरकतो आणि चुकलं की शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. डावीकडचा जाड्या नुसता जागा अडवतो. ही आघाडी एका धक्क्यात पडेल.' सोसायटीच्या कमिटीची निवडणूक आठवड्यावर आलेली. चेअरमन पुन्हा उभे. खजिनदार डाव्या जिन्यात राहतात, त्यांच्या गाडीवरून पार्किंगमध्ये रोज कटकट. चेअरमननी फलक वाचला, मग खजिनदारांना बोलावून आणून वाचून दाखवला.

"हे कोणाबद्दल आहे?" चेअरमन गरजले.

"तुमच्याबद्दल नाही," काका म्हणाले. "तुमच्याबद्दल लिहायला इतका अभ्यास लागत नाही."

झालं. फडकं आलं. "लिहायचंच असेल तर घरात कागदावर लिहा!" असं वर ऐकवलं. काका म्हणाले, "कागदावर लिहिलं की ते पत्र होतं. हे माझं मत आहे." ज्या गृहस्थांना स्वतःचं वर्णन खेळाडूच्या अंगावरही ओळखू येतं, त्यांनी फलक नाही, आरसा पुसायला हवा होता. चार वर्षं गच्चीची गळती थांबवता आली नाही त्या हातांना खडू मात्र बरोबर सापडला.

या फलकाचा फोटो दर रविवारी मी काकांच्या नातीला पाठवते. ती नऊ वर्षांची आहे. मराठी शाळा तिथे नाही, पुस्तकं पाठवली ती तिनं उघडली नाहीत. पण आबांनी केलेले अपमान तिला वाचायचे असतात. जोडाक्षरं ती 'भुक्कड'वरून शिकली. संध्याकाळी फोनवर ती एकेक शब्द लावून वाचते आणि काका, हे आपले काका, डोळे मिटून ऐकतात. "आबा, फेक्या म्हणजे लायर?" तिनं एकदा विचारलं होतं. "म्हणजे फेकणारा," काका म्हणाले. "दुसरा अर्थ तुला पुण्यात आल्यावर कळेल."

त्या रविवारी मी फोटो काढायच्या आतच फलक पुसला गेला होता. संध्याकाळी मी काकांकडे होते. फोन आला. "आबा, बोर्ड?" काका म्हणाले, "आज समोरचा संघ बरा आहे गं. लिहिण्यासारखं काही नाही." समोरच्याला बरा म्हणताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. पलीकडे ती "ओके" म्हणाली आणि इंग्रजीत बोलू लागली. काकांनी आलेखाची वही मिटून टीव्हीखालच्या कपाटात ठेवली. सोमवारी सकाळी टीव्ही लागला नाही.

येत्या रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा आहे. सभासदांनी फलकावर वैयक्तिक मजकूर लिहू नये, असा ठराव चेअरमन मांडणार आहेत. मी भाडेकरू, मला मत नाही. तुम्हाला आहे. घरात बसून 'बिचारे काका' म्हणू नका. खाली या, आणि ठराव वाचून झाला की विरोधात हात वर करा.