ग्रेडरकाकांचा नवा टीव्ही

ग्रेडरकाकांना काहीही विकत घ्यायचं असलं की ते अख्ख्या दिग्रसला विचारत. न्हाव्याला, बँकेतल्या शिपायाला, बसस्टँडवर शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा. विचारत नसत ते फक्त काकूंना. आमची भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला त्यांच्या घरातलं सगळं ऐकू यायचं.

नोकरीत मात्र हा माणूस कोणालाच विचारत नसे. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते, म्हणजे मालाची प्रत ठरवायचे. गाडीतून चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणून पाहायचा आणि म्हणायचं, "दुसरा. सरकव गाडी." भाव कोसळलेली ती वर्षं, त्या एका शब्दानं समोरच्याचा हंगाम बुडायचा. कोणी हात जोडले तर म्हणत, "मी कायले बदलू? कापूस बदलून आण." या वाक्याचा त्यांना अभिमान होता. मला संताप यायचा, अजून येतो.

आणि हेच काका एका टीव्हीपाशी वर्षभर अडले. काकूंना लकवा झाला होता. त्या बैठकीतल्या खाटेवर पडून असत. मानही वळत नव्हती. त्यांना भरवणं, अंग पुसणं काका स्वतः करत, त्यात कधी कसूर नाही. पण जुना टीव्ही बंद पडला आणि काकूंच्या संध्याकाळच्या मालिका गेल्या. काका सुटीच्या दिवशी एसटीनं यवतमाळला जात, दुकानातले सगळे टीव्ही पाहत आणि नुसती माहितीपत्रकं घेऊन परत येत.

"प्लाझ्मा कुठूनही पाहा, चेहरा फिका नाही पडत," ते मला सांगायचे. "पण वीज लय खाते. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर त्याले किती ओढन? एलईडी आरामात चालते, पण बाजूनं पाहिलं का पांढरा पडते. पाहून राह्यलो, घाई नाही."

"कोणताही आणा, पण आणा," काकू खाटेवरून म्हणाल्या.

"तुले काय समजते त्यातलं?"

त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटायचं.

शेवटी एलईडी आला. लोडशेडिंगचा हिशेब चुकला होता असं मी म्हणणार नाही. पण तो मांडला सोफ्यासमोर, कारण पाहुणे तिथं बसतात. काकूंची खाट पार कडेला. गल्ली पाहून गेली, पेढे खाऊन गेली. "केवढा पातळ आहे!" लोक म्हणत आणि काका खुलत.

एकदा काकूंची वेणी घालताना मी त्यांच्या उशीशी डोकं नेऊन पाहिलं. पडद्यावरची माणसं राख फासल्यासारखी दिसत होती.

"काकू, तुम्हाला असं दिसते?"

"आवाज येते ना. आवाजावरून ओळखू येतात सारे."

मी टीव्ही खाटेकडे वळवला. मालिकेतली सून हिरवी साडी नेसून उभी होती. "अवं, हिरवी हाय!" काकू म्हणाल्या. "मी तं तिले विधवा समजून राह्यली होती." आणि हसल्या. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या दिवशीच.

तेवढ्यात काका आले. त्यांनी टीव्ही पुन्हा सोफ्याकडे केला. "वायर ओढल्या जाते. अन् आल्यागेल्यानं काय त्याची पाठ पाहायची?"

मी गप्प बसले नाही. "काका, टीव्ही आल्यागेल्यासाठी आणला का काकूंसाठी?"

"तिच्यासाठीच आणला. विचार तिले."

काकूंनी डोळे मिटून घेतले. त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या.

तेरवीनंतर मी डबा घेऊन गेले तर काका स्टुलावर उभे. भिंतीला त्यांनी एक लोखंडी स्टँड ठोकला होता, टीव्ही हवा तिकडे वळेल असा. यवतमाळहून आणला होता, यावेळी कोणालाही न विचारता. टीव्ही खाटेकडे वळलेला होता. खाटेवर गादीसुद्धा नव्हती.

"बस तिथं," ते म्हणाले. "रंग बराबर येतात का, पाह्य."

माझ्यानं बसवलं नाही. मी उभ्यानंच पाहिलं आणि म्हणाले, "येतात, काका."

ते खाली उतरले. "अर्ध्या घंट्याचं काम होतं पोरी हे," ते म्हणाले आणि तिथंच जमिनीवर बसून ढसाढसा रडले. मला त्यांची फार दया आली. माफ मात्र मी त्यांना तेव्हाही केलं नाही, आणि आता ते नाहीत तरीही केलेलं नाही.