यात्रेचा बोकड

पलूसजवळच्या आमच्या गावात यात्रेचा बोकड मुलाणीचाचा कापायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच पाहत आले. मटण साफ करून द्यायचे, घरी जाऊन अंघोळ करून यायचे आणि पहिल्या पंगतीला बसायचे. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून त्यांची वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर. तेही कुणाला कधी खटकलं नाही.

यंदा धाकट्या दिरानं मोबाईलवर काय काय पाहिलं, देव जाणे. यात्रेच्या तोंडावर म्हणाला, "वहिनी, आता आपला मानूस आपल्या पद्धतीनं कापनार. मुलाण्याचं हलाल आपन का खायाचं?"

"आवं भावजी, लहानपणापास्नं तेच खाऊन वाढलाय की!"

"तवा कळत नव्हतं."

मी नवऱ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं फौजेत काढलेला माणूस. वाटलं, हा तरी बोलेल. तो म्हणाला, "सणासुदीला वाद नगो."

चाचांना कळवण्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सकाळी ते सुऱ्या परजून दारात उभे. दिरानं तिथंच सांगितलं. चाचा "बरं" म्हणाले आणि वळले. सासरे अनवाणीच त्यांच्या मागं धावले. "जेवायला यायचं बरं का! माझ्या पंगतीला."

चाचा आले. ते मटण त्यांना चालणार नव्हतं. सासऱ्यांशेजारी बसून वांगं-भाकरी खाल्ली.

सासरे हसून म्हणाले, "आज तूबी माळकरी झालास गड्या."

सगळे हसले, चाचाही हसले. मला मात्र पहाटेपासून वाटलेल्या मसाल्याचा रस्सा तसाच चुलीत ओतावासा वाटत होता.

"बघा वहिनी," दीर हाडूक चोखत म्हणाला, "कुनाचं काय अडलं?"

"पुढच्या यात्रेला रस्सा तुमीच करा," मी म्हणाले. त्याला ती थट्टा वाटली.

पाहुणे गेल्यावर नवरा मला समजवायला आला. "एवढं काय मनाला लावून घेतीस? जेवले की चाचा पोटभर."

पोटभर? चाचांनी एका भाकरीवर हात धुतला होता. वाढणारी मीच होते. ते याला सांगितलं, तर म्हणाला, "वय झालं त्यांचं," आणि टीव्ही लावला.