तावडेकाकांचा उलटा पीळ

भूतबित, साक्षात्कार असला विषय निघाला की मी आजही तिथून उठून चहा प्यायला जातो. माणूस मेकॅनिक... बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, सापडत नसेल तर आपण नीट बघितलेलं नाही — एवढं साधं डोकं. तरीही हे लिहितोय, कारण माझं ऐकून ऐकून बायकोचे कान किटलेत.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. जुहूच्या विमानतळावर एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये मी नोकरीला होतो. काम शिकवलं तावडेकाकांनी. डावखुरा माणूस, तोंडाने फटकळ, पण हातात जादू. विमानाच्या इंजिनचे स्क्रू हादऱ्यांनी ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना बारीक तार पिळून बांधतात — लॉकिंग वायर. आमचा सगळ्यांचा पीळ एका दिशेला, काकांचा उलटा. वर टोकाला छोटीशी जिलबी. त्यांचं काम लांबून ओळखू यायचं.

तेव्हा आमच्या दोन सीटच्या ट्रेनर विमानाने आठ दिवस छळ मांडला होता. इंजिन झकास सुरू व्हायचं, पाच मिनिटांत काळा धूर, धडधड आणि बंद. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. प्लग बदलले. कार्ब्युरेटर तीनदा खोलला. आत एक फ्लोट असतो — पेट्रोलवर तरंगणारा पितळी डबा, पेट्रोल पुरेसं झालं की तो ते आत येण्याची वाट बंद करतो. तो गरम पाण्यात बुडवून बघितला. भोक असतं तर बुडबुडे आले असते. एकही नाही! टेबलावर सगळं बरोबर, विमानावर चढवलं की वाट लागलेली.

सोमवारी क्लबला सुट्टी. मी एकटाच चौथ्यांदा कार्ब्युरेटर खोलून बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. काकांचे शेजारी. "तावडेंचा अल्सर फुटलाय. ऑपरेशनला घेतायत, लगेच ये." सुटे भाग टेबलावर तसेच टाकले, हँगरला कुलूप लावलं, किल्ली खिशात आणि स्कूटरला किक. साकीनाक्याला ट्रकांच्या मध्ये अडकलो, तिथे नुसता हॉर्न वाजवत राहिलो.

घाटकोपरला हॉस्पिटलमध्ये पोचलो तर काका ऑपरेशनला आत गेलेले. बाहेर बाकावर काकू. अकरा ते दोन आम्ही त्या दाराकडे बघत बसलो. डॉक्टर आले, म्हणाले, "शुद्धीवर येऊ दे, मग बघू." चेहऱ्यावरून काही कळेना.

"तू जा रे सुनील," काकू म्हणाल्या. "उघडं टाकून आलायस ना सगळं? डोळे उघडले की पहिलं तेच विचारतील."

चारच्या सुमाराला मी कुलूप काढलं. टेबलावर कार्ब्युरेटर जोडून ठेवलेला. स्वच्छ पुसलेला. स्क्रूंना लॉकिंग वायर... पीळ उलटा. टोकाला जिलबी.

धावत बाहेर आलो. वॉचमन परब स्टुलावर बसले होते.

"परब, आत कोण आलं होतं?"

"कोण नाय. आत तावडे खोकत होते ना! माका वाटला, तुमीच तेंका आत ठेवून कुलूप घातलात."

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्याच क्षणाला जो काही आनंद झाला! जो माणूस तारेच्या टोकाला सावकाश जिलबी काढत बसलाय, त्याला वर जायची अजिबात घाई नाहीये. आत येऊन मी एकटाच मोठमोठ्याने हसलो. परब डोकावून बघून गेले.

मग पक्कड घेतली आणि ती तार कापली. जिवावर आलं, पण कामाखाली सही माझी जाणार होती. खोलून बघतो तर फ्लोट ज्या पिनवर वरखाली हलतो, ती पिन नवी! आणि फ्लोट ज्यात तरंगतो त्या भांड्याच्या आतल्या बाजूला केसाएवढा चकचकीत ओरखडा. जुनी पिन झिजली होती. इंजिनच्या हादऱ्याने फ्लोट कलायचा आणि भिंतीला घासून अडकायचा, मग पेट्रोल येतच राहायचं. टेबलावर हादरे कुठले? तीनदा खोलून मला हे दिसलं नव्हतं. सगळं परत जोडलं, माझ्या पिळाने बांधलं. दुसऱ्या दिवशी इंजिन अर्धा तास चाललं, धुराचा पत्ता नाही.

काका त्या संध्याकाळीच शुद्धीवर आले होते. मला भेटू दिलं तिसऱ्या दिवशी. मी कापलेली तार त्यांच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं.

"पीळ माझाच आहे," ते बारीक आवाजात म्हणाले. "कापलीस?"

"हो. आत बघितलं, मग सही केली."

"नसती ना कापलीस, तर इथून उठून कानफटात दिली असती. मी केलेलं असलं म्हणून काय झालं?"

"म्हणजे तुम्ही केलंत?"

"मी? मला भूल दिलेली रे गाढवा!"

आणि हसायला लागले. टाके दुखायला लागले तरी थांबेनात, पोटाला उशी दाबून हसतायत. काकू हसता हसता रडायला लागल्या. शेवटी नर्सने मला हाकलून दिलं.

कुलूप तुटलं नव्हतं, दुसरी किल्ली नव्हती, तसा पीळ घालणारा दुसरा हात नव्हता. एवढी वर्षं सगळं तपासून झालं, कारण सापडलेलं नाही. एरवी मला अशा गोष्टीने झोप लागली नसती. पण त्या दिवशी जिन्यापर्यंत काकांचं हसणं ऐकू येत होतं, आणि मला दुसरं काही शोधायचं नव्हतं.