पन्हळीतून नाही

ओर्लेत्स शिखरावर आज जावं की नाही, हे आमच्या ड्रेनोवो गावात माझ्या बेकरीच्या दारावरच्या पाटीवरून ठरतं. पाटी माझी, खडू माझा, अक्षर माझं. पण शब्द नेव्यानाचे. ती वरच्या डोंगरघरात, चढाईला येणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागी, राहायची आणि नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत रोज सकाळी पावणेसातला मला फोन करायची. मी ऐकायचे आणि लिहायचे. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं.

नेव्याना काही डोंगरात जन्मलेली नव्हती. तरुणपणी ती शहरातल्या गालिच्यांच्या कारखान्यात मागावर बसायची. लग्न करून वर आली ती डोंगरघर सांभाळणाऱ्या स्पासबरोबर. स्पास पोटाच्या आजारानं गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही खाली येईल. ती आली नाही. स्पासचं फावडं, दोरीला बांधलेला तापमापक आणि त्याच्या वह्या तिनं तशाच पुढे चालवल्या. उजाडायच्या आधी बाहेर पडून ती उतारावर कमरेइतका खड्डा खणायची, बर्फाचे थर बोटांनी चाचपायची, टाचेनं वरचं कवच फुटतं का बघायची. मग आत येऊन वहीत लिहायची आणि मला फोन लावायची.

ती भित्री होती, असं गाव म्हणायचं. तसं नव्हतं, तिला काळजी लागलेली असायची. एका जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर, तिला ओढ्याकाठी एक लोकरी हातमोजा सापडला. कुणाचा, कधीचा, काहीच कळलं नाही. त्या वर्षी कुणी हरवल्याची तक्रारही नव्हती. पण तेव्हापासून तिची फोनवरची वाक्यं लांबत गेली.

माझा दीर मेतोदी पाहुणेघर चालवतो. त्याला तिच्या फोनचा वैताग यायचा. पाव घ्यायला आला की पाटीसमोर उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, "नेव्यानाचं चाललं तर लोकांनी जिनासुद्धा बुटांना बर्फाचे काटे लावून चढायचा. स्तोइल्का, हिला सांग, कधीतरी लिही की डोंगर छान आहे, या." मी हसायचे. खोटं कशाला बोलू, लिहून लिहून माझाही हात दुखायचा.

त्या वर्षी मार्चच्या मध्याला सलग आठ दिवस ऊन पडलं. रात्री आभाळ मोकळं, थंडी कडक. बर्फ रात्री दगडासारखा व्हायचा आणि दुपारी मऊ पडायचा. नवव्या सकाळी नेव्यानाचा फोन आला तो असा: रात्री उणे सहा. कवच कडक, बुटांना काटे हवेत. शिखराची वाट मोकळी, पण हिवाळी वाटेनं, डोंगराच्या धारेवरून. पन्हळीतून नाही. अकराच्या आत उताराखाली या.

पन्हळ म्हणजे शिखराच्या पूर्वेची अरुंद घळ. उन्हाळ्यात कुरणावरून निघालेली सोपी वाट तिला आडवी छेदून जाते. हिवाळ्यात वरचा सगळा बर्फ त्या घळीतूनच खाली येतो. गावातलं पोरही मार्चमध्ये तिथं पाय टाकत नाही.

मी खडू हातात घेऊन लिहीत होते आणि आतून जळका वास आला. मागच्या भट्टीतल्या बनित्साचा, चीज घातलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा, तळ करपत होता. मी 'शिखराची वाट मोकळी' इथवर लिहिलं, खाली घाईनं 'अकराच्या आत परत' असं ओढलं आणि आत पळाले. मधलं राहिलं. राहिलं हे मला माहीत होतं. मनात म्हटलं, नंतर लिहू, आणि तसंही ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

साडेसातला प्लोव्दिव शहरातून आलेली एक गाडी दारात थांबली. क्रसिमिर नावाचे पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी योआना, विशीतली. दोघांच्या मनगटांवर मार्चमध्ये शुभ म्हणून बांधायचे लाल-पांढरे दोरे. त्यांनी पाटी वाचली, मुलीनं तिचा फोटोही काढला. पाव आणि दोन बनित्सा घेऊन क्रसिमिरनी विचारलं, कुरणापर्यंत रस्ता साफ आहे का. मी म्हटलं, साफ आहे. मी त्यांना चांगल्यातली, न करपलेली बनित्सा दिली.

दहाच्या सुमारास वारा फिरला. दक्षिणेचा, ऊबदार, पिवळट धूळ घेऊन येणारा वारा. देवळाच्या छपरावरून पाणी ठिबकायला लागलं, मग धारच लागली. इतक्या लवकर हे व्हायला नको होतं. मी पिठाचे हात पुसले आणि नेव्यानाला फोन लावला. म्हटलं, दोघं वर गेलेत, बाप आणि मुलगी, तुझ्याकडे आले का?

"नाही आले," ती म्हणाली. "कुठून निघाले?"

"कुरणावरून."

मग एकेक शब्द सुटा करत तिनं सांगितलं की बचाव पथकाला फोन कर, मेतोदीला कुरणावर पाठवून गाडी तिथंच आहे का बघ, मी धारेवरून पन्हळीच्या काठाशी जाते. आणि फोन ठेवला.

मी दोन्ही कामं केली. गाडी कुरणावरच होती. पथकातली माणसं दुसऱ्या डोंगरावर अडकली होती, चारच्या आधी पोचणार नव्हती. मग मी बाहेर जाऊन माझी पाटी वाचली. शिखराची वाट मोकळी. अकराच्या आत परत. मी ओल्या फडक्यानं सगळं पुसलं आणि तिथं 'आज जाऊ नका' असं लिहिलं. का पुसलं, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे होतं: आणखी कुणी जायला नको. ते उत्तर खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

वर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

नेव्याना पन्हळीच्या काठावर पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. घळीच्या मधोमध एक काळा खडक वर आलेला आहे, बैलगाडीएवढा. दोघं त्याला चिकटून बसली होती. त्यांच्या पावलांच्या ओळीवरून बर्फाचा एक लोट नुकताच उतरून गेला होता. क्रसिमिर दहा पावलं पुढे होते, आवाज ऐकून मागे उडी मारली म्हणून वाचले. त्यांच्या हातातली बर्फात रोवायची कुदळ मात्र लोटाबरोबर गेली होती.

काठापासून खडक साठेक पावलांवर. नेव्यानाला बघताच क्रसिमिर उठले. त्यांचं म्हणणं, चाळीस पावलं धावलो की पलीकडचा काठ, मुलगी भिजलीय, कुडकुडतेय, इथं ठेवू कशी?

"बसा," नेव्याना ओरडली. "खडक सोडू नका. सूर्य शिखरामागे जाईपर्यंत बसा."

"कधी जाईल?"

"चारला."

त्यांनी तिला वेडी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत राहिली. तिलाही खात्री नव्हती, हे तिनं मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. ऊबदार वारा तसाच राहिला तर चारलाही बर्फ आवळणार नव्हता, आणि भिजलेली मुलगी साडेचार तासांत गारठून गेली असती. धावू दिलं असतं तर कदाचित दोघं पलीकडे पोचलीही असती. तिनं वर बघितलं. शिखराखाली वाऱ्यानं साचवलेल्या बर्फाची झालर लोंबत होती आणि तिच्या कडेनं पाणी गळत होतं. तेवढ्यावर तिनं ठरवलं.

मग तिनं काठावरूनच ओरडून त्यांना कामाला लावलं. ओले मोजे काढायला लावले, पाय एकमेकांच्या कोटात, काखेत घालायला लावले. बनित्सा खायला लावली, एकदम नाही, थोडी थोडी. योआनाला तिनं तिच्या कॉलेजबद्दल विचारलं, मग आजीबद्दल, कुत्र्याबद्दल, काहीही. मुलीचं उत्तर यायला वेळ लागला की हिचा जीव टांगणीला. दीड वाजता ती झालर तुटली. आवाज मला खाली गावात, बेकरीत ऐकू आला. मी हातातलं पीठ तसंच टाकून दारात धावले.

लोट खडकाच्या दोन्ही बाजूंनी गेला. धूळ बसली तेव्हा नेव्यानानं दोन डोकी मोजली. क्रसिमिर त्यानंतर वाद घालायला उठले नाहीत.

तीनला वारा पडला. साडेतीनला पन्हळीत सावली आली आणि बर्फावर टाच आपटल्यावर ठणठणीत आवाज यायला लागला. चारनंतर पथकाची दोन माणसं धारेवरून दोर घेऊन आली आणि एकेकाला बांधून काठावर आणलं. योआनाची दोन बोटं पांढरी पडली होती. पुढे ती बरी झाली, पण थंडीत अजून दुखतात म्हणते.

मी मेतोदीबरोबर कुरणावर चहा आणि पाव घेऊन उभी होते. उजेड असतानाच सगळे खाली उतरले. नेव्यानाचा आवाज पार बसला होता. मेतोदीनं स्वतःचा कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. मुलीला गाडीत बसवून क्रसिमिर परत आले आणि थेट तिच्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही जीव वाचवलात, ते मी विसरणार नाही," ते म्हणाले. "पण पाटीवर वाट मोकळी असं लिहिलं होतं. पन्हळीचं एक अक्षर नव्हतं. योआनाकडे फोटो आहे."

नेव्याना घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझंच सांगायचं राहिलं असेल. माफ करा."

मी दोन पावलांवर होते. हातात चहाची किटली. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच सगळं मिटलं असतं. मी सगळ्यांच्या पेल्यांत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी वाजला. हवामानाचं काही नव्हतं. तिनं विचारलं, "स्तोइल्का, त्या सकाळी मी तुला नेमकं काय सांगितलं? वहीत आहे ते. पण मी वाचलं नाही का? आठवतच नाही मला."

तिची आई साठीत सगळं विसरली होती. शेवटी नेव्यानाला गाईच्या नावानं हाक मारायची. हे मला माहीत होतं, आम्ही दोघींनी मिळून त्या म्हातारीला न्हाऊ घातलं होतं. मी म्हटलं, फोनवर नको, मी येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून धारेच्या वाटेनं चढले. नेव्याना चुलीपाशी घेवड्याचं सूप ढवळत होती. मी बसलेसुद्धा नाही. सांगून टाकलं, की तू सगळं सांगितलं होतंस, पन्हळीचंही, मीच लिहिलं नाही, आणि नंतर पाटी पुसली.

ती ढवळत राहिली.

"का नाही लिहिलंस?"

"भट्टीत करपत होतं. आणि वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे."

"आणि कुरणावर का बोलली नाहीस?"

तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, चार दिवस ती स्वतःची परीक्षा घेत होती. ओढ्यांची नावं, कारखान्यातल्या बायकांची नावं, स्पासच्या भावंडांचे वाढदिवस. सगळी आठवत होती, तरी भीती जात नव्हती. काल तर ती भाचीला पत्र लिहायला बसली होती, मला खाली घेऊन जा म्हणून.

"तू मला चार दिवसांत म्हातारी केलीस, स्तोइल्का."

मी रडले. तिनं मला समजावलं नाही, हाकललंही नाही. सूप वाढलं. खाऊन झाल्यावर म्हणाली, आता क्रसिमिरना फोन कर, माझ्यासमोर. मी केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले की मुलीला तुम्हीच सांगा. तिलाही सांगितलं. ते जास्त कठीण गेलं.

गावात मी स्वतःच सांगितलं, पाव घेणाऱ्या प्रत्येकाला. काहींनी आठवडाभर दुसरीकडून पाव आणला. मेतोदीनं पाटीवरून पुन्हा कधी विनोद केला नाही.

ईस्टरला नेव्याना दरवर्षी माझ्याकडे कोकराचं जेवण जेवायची. त्या वर्षी आली नाही. मी ताट झाकून वर पाठवलं. रिकामं ताट धुऊन परत आलं, निरोप नव्हता.

फोन मात्र मी तिच्याकडून खाली उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाला होता. सांगून झालं की ती म्हणायची, "आता वाच." मी लिहिलेलं तिला शब्द न् शब्द वाचून दाखवायचे. भट्टीत काहीही करपत असो. नंतर सहा हिवाळे ती वर होती, गुडघे गेले तेव्हा खाली आली. आता वर एक तरुण जोडपं आहे. ते सगळं मोबाइलवर टाकतात, पाटीसाठी मलाही पाठवतात. मी लिहिते, आणि मग नेव्यानाच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवते. ती खिडकीशी बसून ऐकते, मध्येच थांबवून विचारते, वारा कुठला म्हणालीस? मी सांगते. ती खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा विचारते.