सेड्रिकच्या नांगराखालचा रस्ता

थॉर्बीच्या चर्चपासून नदीच्या उतारापर्यंत रोमनांचा रस्ता होता, हे गावात सगळ्यांना मान्य. मधला मैलभर तुकडा मात्र हरवलेला. आमच्या इतिहास मंडळाचा सचिव म्हणून तो शोधण्यात मी नऊ वर्षं घातली. रोमन रस्ता सरळच असणार, म्हणून नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि दर रविवारी त्या रेघेवर लोखंडी सळई खुपसत फिरलो. दगड कधी लागला नाही. चिखल लागला.

सेड्रिक ब्लँचर्डनं चाळीस वर्षं त्याच शिवारात ट्रॅक्टर चालवला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, मंडळाचा सभासदही नाही. गेल्या कोरड्या जूनमध्ये त्यानं मला टेकडीवर नेलं. खाली हिरव्या जवात एक पट्टा पिवळा पडला होता. पुरलेल्या दगडांवर माती थोडी, तिथलं पीक आधी वाळतं. पट्टा माझ्या रेघेपासून दोनशे यार्डांवर होता आणि दलदलीला चक्क वळसा घालून गेला होता.

"रोमन झाले म्हणून काय, त्यांना ओले मोजे आवडत असतील होय?" सेड्रिक म्हणाला.

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या नांगरटीपासून. तिथे फाळ खरखरतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे, क्लिफर्ड? सळई घेऊन ऐटीत चालला होतास. म्हटलं, बैठं काम करणारा माणूस, व्यायाम होतोय."

रस्त्याचा तुकडा ज्याला सापडतो, त्याचंच नाव मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत त्या तुकड्याला मिळतं. अहवाल लिहिणारा मीच. 'सचिवांच्या नऊ वर्षांच्या पाहणीनंतर' अशी सुरुवात केली. त्यात खोटं वाक्य एकही नव्हतं. फक्त सेड्रिकचा उल्लेख कुठे नव्हता.

त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी तो वाचून दाखवला. तो चहा ढवळत ऐकत होता.

"झकास लिहिलंयस. तुझंच नाव राहू दे. मला काय करायचंय त्याचं?"

ज्यासाठी मी नऊ वर्षं झुरलो, ते या माणसाला फुकटसुद्धा नको होतं. भांडला असता तर मी नाव दिलं नसतं.

सप्टेंबरच्या सभेत मी 'ब्लँचर्डचा रस्ता' असं शीर्षक वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत सेड्रिक केक खात होता. माझ्या दोन्ही हातांत कागद होते, म्हणून मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. समोर टेबल होतं, पण मी कागद खाली ठेवले नाहीत.